काका, तुमच्या फ्रेमच्या सॅकबद्दल, जरा सविस्तर

काका नमस्कार,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं नाही म्हणून दोन दिवस घेतले, त्याबद्दल राग मानू नका. ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की एक्स्टर्नल फ्रेमचा (म्हणजे धातूचा सांगाडा बाहेर आणि पिशवी त्याला अडकवलेली) जमाना गेला, ट्रेकला जायचं तर इंटर्नल फ्रेमचीच (सांगाडा पिशवीच्या आत) सॅक घ्या. त्यावर काकांचं म्हणणं असं की हे परदेशी कॅटलॉग वाचून लिहिलेलं आहे, कोकणातल्या घामात पाठीला वारा लागणं हीच पहिली गरज आहे, त्यांनी स्वतः ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर वीस-वीस किलो घेऊन तरुणपणी अर्धा सह्याद्री पालथा घातलाय, फ्रेम मोडली तर गावातला वेल्डर जोडून देतो, आणि या पोस्टसाठी मला कुठल्यातरी कंपनीकडून पैसे मिळाले असणार. शेवटी विचारलंय की पुतण्या डिसेंबरात महिपत-सुमार-रसाळ हा तीन गडांचा ट्रेक करणार आहे, त्याला ती जुनी फ्रेम देऊ की नको ते आता तुम्हीच सांगा.

पैशाचं आधी सांगून टाकतो. कुठल्याही कंपनीने मला एक रुपया किंवा एक बॅग दिलेली नाही. माझ्याकडच्या दोन्ही सॅक मी स्वतःच्या पगारातून घेतल्यात, त्यातली एक सेकंडहँड. पोस्टमध्ये ब्रँडची नावं मुद्दाम टाकली नव्हती.

आणि "जमाना गेला" हे वाक्य मी मागे घेतो. ते चूक होतं आणि तुम्ही त्यावर बोट ठेवलंत ते बरं झालं, कारण लिहिताना माझ्या डोळ्यासमोर फक्त घाटवाटा होत्या, सडा, म्हणजे आपलं कोकणातलं उघड्या कातळाचं पठार, मी विसरलोच होतो. एका एप्रिलमध्ये आम्ही पोरांना घेऊन राजापूरकडे देवाचे गोठणेच्या सड्यावर कातळशिल्पं बघायला गेलेलो. (तिथल्या एका शिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते, पोरं तिथून हलायला तयार नव्हती.) सड्यावर सावली म्हणून नाही, कातळ असा तापलेला की चपलेतून चटका लागतोय, आणि सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. बरोबरच्या एका मित्राकडे तुमच्यासारखीच जुनी फ्रेम होती. त्याने सॅकची पिशवी चारी पिना काढून बाजूला ठेवली, फ्रेमच्या खालच्या आडव्या पट्टीवर वीस लिटरचा कॅन उभा केला, दोरीने वर-मध्ये-खाली तीन वेढे आवळले, पट्टा कमरेला बांधला आणि निघाला. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, कॅनचं वजन वेगळं. माझ्या सॅकमध्ये तो कॅन गेलाच नसता, मी दोन-दोन लिटरच्या बाटल्या कोंबत बसलेलो. वर पोचलो तेव्हा त्याच्या शर्टावर पाठीच्या मधोमध हातभर रुंद कोरडा पट्टा होता आणि माझा शर्ट पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. तेव्हा उघडा सडा, पुळणीवरची चाल, बैलगाडीची रुंद वाट, वेड्यावाकड्या आकाराचं सामान, एकाच जागी मुक्काम आणि तिथवर ओझं पोचवायचं, अशा कामाला बाहेरच्या फ्रेमला तोड नाही. हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

पण काका, घाटवाटेवर माझं मत तेच आहे, आणि ते कॅटलॉगमधून आलेलं नाही.

ओझं नेमकं बसतं कुठे ते बघू. आपल्याकडे पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणाऱ्या मावशी आठवा. पाटीखाली चुंबळ, मान ताठ, कणा सरळ, वजन सरळ खाली पायात उतरतं म्हणून त्या मैल-मैल जातात. बाहेरच्या फ्रेमचं गणित बरंचसं तेच आहे. फ्रेम पाठीपासून चार बोटं लांब असते, म्हणजे ओझं मागे ओढणार, ते मागे ओढू नये म्हणून जड सामान वरच्या बाजूला भरतात, थोडं पुढे झुकलं की वजन बरोबर कमरेवर येतं. सपाटीला आणि सोप्या चढाला हे सुंदर चालतं. पण उतारावर, जिथे एक पाय खाली टाकताना अंग तिरकं होतं, तिथे तेच वर भरलेलं ओझं खांद्याच्या मागे अर्धा क्षण उशिरा हलतं. तुम्ही थांबलात तरी ते थांबत नाही. निसरड्या दगडावर तो अर्धा क्षण फार होतो.

आत फ्रेम घालायची कल्पनाच मुळी यातून आली. कमरपट्ट्यासकट ॲल्युमिनियमच्या फ्रेमची सॅक डिक केल्टीने कॅलिफोर्नियात १९५२ मध्ये विकायला काढली, आणि लोकांनी तिच्यावर ओझी वाहिली ती आनंदानेच. मग १९६७ मध्ये ग्रेग लोवने फ्रेमच्या पट्ट्या पिशवीच्या आत शिवून टाकल्या. तो कातळ चढणारा माणूस. ओझं जास्त उचलता यावं ही अडचण नव्हतीच, तोल जातो ही अडचण होती, ओझं अंगाला चिकटून अंगाबरोबर वळायला हवं होतं. आपला सुमारगड म्हणजे काही आल्प्स नव्हे, पण अडचण तीच आहे.

सुमारचं सांगतो, कारण पुतण्या तिकडेच चाललाय. महिपतवरून सुमारकडे जाताना दाट रान लागतं, वाट म्हणजे कधी ढोरवाट कधी पऱ्यातले (ओढ्यातले) दगड, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या आणि डोक्याच्या उंचीला वेल. आमच्यात एकाकडे एक्स्टर्नल होती, चांगला तयारीचा गडी, माझ्यापेक्षा जास्त ट्रेक केलेला. फ्रेमची वरची दांडी त्याच्या डोक्याच्या वर वीतभर. तो वाकला, डोकं वेलीखालून गेलं, दांडी अडकली. मागे सरकून सोडवायचं सोडून त्याने जोर लावला, वेल तुटली आणि सुटलेल्या झटक्यात तो पुढे गेला तो सरळ गुडघ्यावर, हात करवंदीत. मी त्याच्या मागे चार पावलांवर होतो. तळहातात मोडलेले काटे काढायला वीस मिनिटं लागली, सेफ्टी पिनने, आणि गुडघा संध्याकाळपर्यंत सुजला. दिवसभरात दांडी अडकली ती कितीदा याचा हिशोब आम्ही पुढे सोडून दिला. हेच घसाऱ्यावर, सुट्या मुरमाच्या उतारावर, झालं असतं तर? हा विचार माझ्या मनातून जात नाही आणि म्हणूनच मी पोस्टमध्ये एवढं ठासून लिहिलं.

आता वाऱ्याचं. तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि मी तो एका ओळीत उडवून लावला ते बरोबर नाही झालं. आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा की घाम सुकतच नाही, नुसता वाहतो, मग पट्ट्याखाली घामोळं, कमरेला सोलवटतं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी पट्टा बांधताना जीव जातो. इंटर्नल सॅकच्या पाठीचा फोम घाम पितो आणि पिऊन बसतो. घरी आल्यावर दोन दिवस वाऱ्यावर उलटी टांगली नाही तर बुरशी धरलीच समजा. तुमच्या फ्रेमची पिशवी सोडवून धुता येते, हा मोठाच फायदा.

यावर मधला मार्ग आहे, जाळीच्या पाठीची सॅक. आतली फ्रेम धनुष्यासारखी वाकवून त्यावर जाळी ताणलेली असते, पाठ जाळीला टेकते आणि मागे वारा खेळतो. पण तिथेही फुकट काही नाही, वाकवलेल्या फ्रेममुळे ओझं पुन्हा पाठीपासून दोन-तीन बोटं मागे जातं आणि आतल्या पिशवीला पोक येतं, सामान भरताना त्रास. दहा-बारा किलोपर्यंत मला जाळीची आवडते, त्याच्या वर ओझं गेलं की मी घाम पत्करतो आणि पाठीला चिकटणारी घेतो. घाम आला तर शर्ट बदलता येतो.

वेल्डरचं मात्र मला पटत नाही. आपल्या नाक्यावर गेट-ग्रिल जोडणारे जे वर्कशॉप असतं तिथे लोखंडाचं काम होतं, पातळ ॲल्युमिनियमच्या नळीला त्या आर्कने भोक पडतं. नीट उपकरण असलेला कारागीर शोधून जोड मारून घेतला तरी जोडाच्या आजूबाजूची नळी तापून मऊ पडते आणि पुढच्या वेळी बरोब्बर तिथेच वाकते. वाटेत फ्रेम मोडली तर सरळ बांबूची कामटी दोन्ही बाजूंनी लावून तारेने आवळायची, मोडलेल्या हाडाला बांधतात तशी, घरापर्यंत येते. इंटर्नलची पट्टी तळाचं कापड फाडून बाहेर येते तेव्हा बॅगा शिवणाऱ्या दादांकडे जाड पट्टा लावून शिवून घेतली की झालं, माझ्या सेकंडहँड सॅकला तसे दोन जोड आहेत.

आणि तुम्ही समुद्राकाठी राहता म्हणून एक गोष्ट आवर्जून. फ्रेम ॲल्युमिनियमची, पण पिशवी अडकवायच्या पिना आणि त्यातल्या रिंगा बहुतेक वेळा स्टीलच्या असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले, मध्ये खाऱ्या हवेचा ओलावा आणि घामाचं मीठ, की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. मित्राच्या फ्रेमची एक पिन मी स्वतः ओढून काढली तेव्हा भोकाभोवती पांढरी भुकटी होती, मिठासारखी, नखाने खरवडली तर खाली नळीला बारीक खड्डे आणि भोक गोल राहिलेलं नव्हतं, लांबट झालं होतं. बाहेरून फ्रेम नव्यासारखी चकचकीत. इतकी वर्षं तुमची फ्रेम माळ्यावर आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा हे बघितल्याशिवाय कुणाच्याही पाठीवर देऊ नका. पिशवी उलटी करून आतलं अस्तरही हाताने चाचपा. वॉटरप्रूफ लेप असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होतो, खवल्यासारखा सुटतो, मग पाऊस थेट आत. हा दोष माझ्या इंटर्नललाही लागू आहे हं, त्यात फ्रेमचा संबंध नाही. मी तर कव्हरवर विसंबतच नाही, आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आणि सगळं सामान त्यात.

एक गोष्ट मात्र आपल्या दोघांच्याही वादात राहूनच गेली, ती म्हणजे माप. फ्रेम आत असो की बाहेर, पाठीच्या लांबीला बसत नसेल तर दोन्ही सारख्याच छळतात. पुतण्याला उभं करा, मान खाली घालायला सांगा, मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो तिथे टेप धरा, आणि त्याला दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवायला सांगा, अंगठे मागे. अंगठ्यांच्या रेषेपर्यंत जे अंतर येईल ते पाठीचं माप. माझं ४७ सेंटिमीटर आहे आणि मी चांगला पाच फूट दहा इंच, माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा तीन इंचांनी बुटका तरी त्याचंही ४७, म्हणजे उंचीवरून अंदाज बांधू नका. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. एकदा भाड्याने आणलेल्या सॅक पोरांना वाटल्या तेव्हा दुकानदाराने सगळ्या एकाच मापाच्या दिलेल्या, आणि मीही न बघता घेतल्या. त्यातल्या एका सातवीतल्या मुलीचा पट्टा मांडीवर येत होता, सगळं ओझं खांद्यावर. ती काही बोलली नाही, खाली उतरल्यावर तिच्या खांद्यावरचे वळ बघितले तेव्हा मला कळलं. त्यानंतर टेप माझ्या खिशात असतोच.

तर पुतण्याचं. महिपत-सुमार-रसाळला ती फ्रेम देऊ नका. त्याचं माप मला कळवा, ४५ ते ५० च्या आत असेल तर माझी साठ लिटरची सॅक तो खुशाल घेऊन जाऊ दे, डिसेंबरात मी कुठे जात नाहीये. जड सामान, म्हणजे तांदूळ-डाळ आणि स्टोव्ह, पाठीला अगदी लागून मध्यावर भरायला सांगा, स्लीपिंग बॅग तळाला. बाहेर काही लटकवू नये, मॅटसुद्धा उभी बांधावी, आडवी नाही, नाहीतर फांद्यांत अडकणारच. आणि सुमारच्या रानात जाताना गावातला वाटाड्या घ्यावा, सॅक कुठलीही असो.

तुमची फ्रेम मात्र फेकू नका, विकूही नका. पिना काढून भोकं तपासा, जागेवर ठीक असतील तर नव्या पिना लावण्याआधी भोकात थोडं ग्रीस घाला आणि मध्ये प्लास्टिकचा वॉशर टाका, धातूला धातू लागू नये म्हणून. मार्चमध्ये आम्ही पुन्हा पोरांना घेऊन सड्यावर जातोय, तीन कॅन पाणी न्यायचंय आणि आमच्याकडे फ्रेम एकच आहे. तुम्ही स्वतः आलात तर कॅन फ्रेमला कसा आवळायचा ते पोरांना तुमच्याकडूनच शिकता येईल, तारीख ठरली की इथेच टाकतो.