खिशाला हात न लावता व्हेनिस

व्हेनिसला जायचंय आणि तिथे पैसे खर्च करायचे नाहीत, हा विचार मनात आला याबद्दल आधी तुमचं अभिनंदन. विमानाचं तिकीट, शेंगेन व्हिसा, चार चाकांच्या बॅगा आणि जूनच्या उकाड्यात एकदाही बॅगेबाहेर न येणारे थर्मल यांत माणशी साडेतीन लाख गेले, ते गेले. त्याला खर्च म्हणायचं नसतं, त्याला ‘युरोप’ म्हणायचं असतं. खर्च सुरू होतो तो तिथे पोचल्यावर, सार्वजनिक संडासाच्या दाराशी उभं राहून दीड युरोला शंभराने गुणल्यावर. हत्ती केव्हाच गेलाय, लढाई शेपटाची आहे. ती मी मागच्या जूनमध्ये एका टूर ग्रुपबरोबर लढून आलोय, तेव्हा चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

सुरुवात वेशीपासूनच करू. एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून हे शहर २५ एप्रिल २०२४पासून ठरावीक दिवशी प्रवेशाचे पाच युरो घेतं, आणि आयत्या वेळी ठरवलंत तर २०२५पासून दहा. पण वसुली सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढीच. म्हणजे चार वाजून एक मिनिटाने पाऊल टाकलंत की तेच कालवे, तेच पूल, सगळं फुकट. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तोवर पाण्याअलीकडच्या मेस्त्रे उपनगराच्या स्टेशनवर बसून घरच्यांना ‘व्हेनिसला पोचलो’ असा मेसेज टाकायला हरकत नाही, कारण मेस्त्रे व्हेनिसच्याच महापालिकेत येतं. तिथल्या हॉटेलात उतरलात तर हा कर माफच आहे. माफीसाठी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, पण फॉर्म भरायला आपण कधी घाबरलोय?

आता पाणी. शहरभर शंभरावर सार्वजनिक नळ आहेत, पाणी गार, पिण्याजोगं आणि खरोखर फुकट. टूर मॅनेजरने हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांच्या चेहऱ्यावर एफडी मॅच्युअर झाल्याचा आनंद पसरला. हॉटेलात लिटरच्या बाटलीला तीन युरो मोजलेले त्यांना झोंबत होते. त्यांनी प्रत्येक नळावर थांबून बाटली भरली, तिथेच रिकामी केली आणि पुन्हा भरली. साडेअकरापर्यंत त्यांच्या हिशेबाने पंधरा युरो वसूल झाले होते. पावणेबाराला त्यांनी मॅनेजरला बाजूला घेऊन हळूच एक प्रश्न विचारला. व्हेनिसच्या महापालिकेचं अर्थशास्त्र मला त्या क्षणी उमगलं: आत जाणारं फुकट, बाहेर येणारं दीड युरो.

यावर तोडगा आहे. दीड युरो त्या दारात टाकण्याऐवजी साधारण तेवढ्याच पैशांत एखाद्या बारच्या काउंटरला उभ्याने एस्प्रेसो प्यायचा. गिऱ्हाईक झालात की संडास आपला. काकांनी हे तीनदा केलं. कॉफीने पुन्हा जावं लागतं, हे त्यांच्या लक्षात दुसऱ्यांदाच आलं होतं, पण तोवर त्यांना वाटायला लागलं होतं की आपण कॉफी फुकट पितोय.

बसायचं मात्र मनात आणू नका. सेंट मार्क चौकातल्या कमानींखालच्या पायऱ्या पाहिल्या की आपल्याला घाट आठवतो, पाय आपोआप दुमडतात. तिथे बसायला बंदी आहे आणि दंड शंभर युरोंपासून सुरू होतो. खुर्चीवर बसलात तर बिल, पायरीवर बसलात तर पावती. तेव्हा उभं राहा. दादर-कर्जत जन्मभर उभ्याने केलेल्या माणसाला हे शिकवायला नको.

आणि खाणं? इथे आपण तयारीनिशी जातो. माणशी दोन किलो कोरडा खाऊ, कुणाकडे मेतकूट, कुणाकडे इलेक्ट्रिक किटली. पण सावध असा. २०१९च्या जुलैत दोन जर्मन पर्यटकांनी रियाल्तो पुलाशी पायऱ्यांवर बसून छोट्याशा स्टोव्हवर कॉफी केली. ९५० युरो दंड झाला, वर शहराबाहेरही काढलं. सेंट मार्क चौकातलं फ्लोरियान कॅफे १७२०पासून कॉफी पाजतंय, तीनशे वर्षांत त्यांनाही एका कॉफीला एवढा भाव मिळाला नसेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे कोंबडी घरचीच होती.

आमच्या काकूंना हा इतिहास माहीत नव्हता. त्यांनी एका पुलाच्या पायरीवर रुमाल पसरला, स्टीलचा डबा उघडला, दशम्यांची चळत बाहेर काढली आणि लसणीच्या चटणीची पुडी सोडली. चटणीचा वास ॲड्रिआटिकच्या खाऱ्या वाऱ्यावर पन्नास पावलं गेला असेल. तेवढ्यात जाकीट घातलेला एक तरुण आला आणि बोट हलवत म्हणाला, ‘नो सिट, नो ईट.’ काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हडकुळा होता बिचारा. ‘घे रे, एक घे,’ म्हणून त्यांनी दशमी पुढे केली. तो लाल झाला, मागे सरकला, पुन्हा बोट हलवलं. काकू उठल्या, डबा काखेत मारला आणि मला म्हणाल्या, ‘सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही त्याने.’ उरलेल्या दशम्या आम्ही चालता चालता संपवल्या. चुरा कबुतरांना टाकायचा नाही, २००८पासून त्यालाही दंड आहे.

गोंडोलाबद्दल विचाराल, तर अर्ध्या तासाचा दिवसाचा सरकारी दर ९० युरो. एका गोंडोलात पाच जण बसतात, म्हणजे माणशी अठरा. पाचवा माणूस शोधण्यातच बहुतेकांचं व्हेनिस संपतं. त्यापेक्षा एखाद्या अरुंद कालव्यावरचा बुटका पूल गाठा आणि थांबा. खालून गोंडोला जाईल, त्यात दुसऱ्याच्या पैशाने बसलेलं जोडपं असेल, कधी अकॉर्डियनवाला गात असेल. वरून तुम्हाला गाणं ऐकू येतं, गोंडोला पूर्ण दिसतो आणि फोटोही चांगला येतो. आत बसलेल्यांना फक्त समोरच्याचे गुडघे दिसतात. अगदीच त्यात पाय ठेवायचा असेल, तर ग्रँड कॅनॉल ओलांडून देणारी ‘त्रागेत्तो’ नावाची होडी आहे. ठेवणीतला नसला तरी गोंडोलाच, दोन युरोत, दोनेक मिनिटं. पद्धत उभ्याने जायची आहे. पुन्हा दादर-कर्जत.

संगीताचंही तसंच. चौकातल्या मोठ्या कॅफेंपुढे वाद्यवृंद वाजतो आणि टेबलाशी बसलात तर बिलात संगीताचा वेगळा आकार येतो. टेबलापासून पाच फूट मागे सरकलात की तोच व्हायोलिनवाला फुकट. सूर पाच फुटांत खराब होत नाहीत. एका कॅफेचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू होतं, आणि मधल्या मोकळ्या जागेत आपल्यासारखे शे-दोनशे रसिक बॅगा पोटाशी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे सरकत असतात.

सेंट मार्कच्या चर्चला तिकीट आहे, पण प्रार्थनेला येणाऱ्याला बाजूच्या दाराने तसंच सोडतात. आपण कुठल्याही देवाला हात जोडतो, त्यामुळे यात खोटं काही नाही. फक्त हात जोडलेल्या माणसाने मान वर करून सोनेरी छताचे फोटो काढू नयेत, ओळखतात. आणि इथे फुकट शिरताना मनाला लागलंच, तर ही कथा आठवा. ज्या संत मार्कच्या नावाने हे चर्च आहे, त्याचे अवशेष ८२८मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून पळवून आणले. मुस्लिम जकातवाल्यांनी हात लावू नये म्हणून टोपलीत वरून डुकराचं मांस घातलं होतं, असं तेच सांगतात आणि मोझेइकमध्ये काढूनही ठेवलंय. दर्शनी भागावरचे चार धातूचे घोडे १२०४मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हाचे. ते १७९७मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेले, तेव्हा मात्र यांना फार वाईट वाटलं. १८१५मध्ये परत मिळाले. आता बाहेर नकला आहेत, खरे आत, तिकिटात. एक छदाम न देता आणलेला माल आणि बघायला पैसे. शेपूट वाचवणाऱ्यांनी नमस्कार करावा तो या लोकांना.

सेंट मार्क चौकाला लागून फुकट मुक्काम हवाय? आजवर तो कासानोव्हाला, म्हणजे इथल्याच त्या प्रेमप्रकरणांसाठी गाजलेल्या माणसाला मिळाला. १७५५च्या जुलैपासून पंधरा महिने, खुद्द डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या राजवाड्यात, शिशाच्या छपराखालच्या कोठडीत. तरी त्याला पसंत पडला नाही. १ नोव्हेंबर १७५६ला पहाटे तो पळाला.

हे सगळं करून झाल्यावर रियाल्तोजवळच्या सॅन बार्तोलोमेओ चौकात जा. तिथल्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत छोट्या पाटीवर आकडे दिसतात. जुन्या शहरात आता किती माणसं राहतात त्याचा तो आकडा. १९५१मध्ये सुमारे पावणेदोन लाख होते, २०२२मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेले. घरांची हॉटेलं झाली, किराण्याच्या दुकानांत मुखवटे आले. हा आकडा बघायला तिकीट नाही, रांगही नाही. आमच्या ग्रुपमधल्या बत्तीस जणांपैकी तिघेच थांबलो.

काका बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते. जन्मभर आकड्यांत काढलेला माणूस, त्यांना काहीतरी जाणवलं असणार असं मला वाटलं. मी त्यांना त्या आकड्याचा अर्थ सांगितला. त्यांनी मान डोलावली, चष्मा वर केला आणि आत गेले. दोन मिनिटांनी पडेल चेहऱ्याने बाहेर आले.

‘नाही म्हणाले,’ ते म्हणाले. ‘गिऱ्हाइकांसाठीसुद्धा नाही.’