‘वीज शेवटी कोळशाचीच ना?’

अमेरिकेतल्या विद्यापीठांवरचा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सार असं: कोळशाचे बॉयलर बंद करून जमिनीतली उष्णता ओढणारे पंप बसवले म्हणे, पण पंपाला वीज लागते, ती कोळशाचीच. म्हणजे धूर फक्त दुसऱ्याच्या दारात. त्यातून कडाक्याच्या थंडीत हे चालत नाही, आणि एकूण सगळे श्रीमंतांचे चोचले. शेवटी ‘आपल्या कॉलेजांनी बोध घ्यावा’.

इंडियाना राज्यात मन्सी नावाचं गाव आहे. तिथल्या बॉल स्टेट विद्यापीठावर हे घासून बघू.

वीज कोळशाची, हे खरंच आहे. २००९ मध्ये तिथे खोदाई सुरू झाली तेव्हा इंडियानाची ९० टक्क्यांवर वीज कोळशावर बनत होती. गफलत पुढे आहे. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, उपसते. हा पंपही उष्णता उपसतो. फ्रिजच्या मागे हात धरा, जी ऊब लागते त्यातली बरीचशी आतल्या दूध-भाजीतून काढलेली असते. १०० भाग कोळसा वीजकेंद्रात जाळला की साधारण ३३ भाग वीज मिळते. तेवढ्या विजेवर पंप तिप्पट, म्हणजे ९९ भाग उष्णता आणतो. तोच कोळसा बॉयलरमध्ये घातला तर ८० भाग पदरात पडले तरी खूप, आणि पुढे वाफेच्या नळांतली गळती वेगळीच. आमच्याकडे तांब्याचा बंब होता. परसातून मोरीपर्यंत बादली नेईतो कढत पाण्याचं कोमट होई. तिथे तर अख्ख्या कॅम्पसभर वाफ फिरवायची! शिवाय जुना बॉयलर जन्मभर कोळसाच खाणार. इंडियानाच्या विजेतला कोळशाचा वाटा आता निम्म्याच्या आसपास आलाय, आणि तेवढा फायदा पंपाला पुन्हा न खोदता मिळाला.

थंडीचा मुद्दा हवेतून उष्णता घेणाऱ्या यंत्रांना थोडाफार लागू पडतो. इथे पार्किंग आणि मैदानांखाली ४००–५०० फूट खोल अशी सुमारे ३,६०० भोकं आहेत. वर बर्फ पडो, खाली बारा-तेरा अंश सेल्सिअस कायम. त्यावर ४७ इमारती चालतात. २०१४ मध्ये कोळसा बंद झाला. तोवर वर्षाला ३६,००० टन जळत होता.

चोचले म्हणाल तर हे सरकारी विद्यापीठ आहे. खर्च ८ कोटी डॉलरच्या घरात गेला, तो काही थोडा नाही. पण कोळशाचे चारही बॉयलर म्हातारे झाले होते, ते बदलायचेच होते. तेव्हा तुलना नव्या बॉयलरशी करा, फुकटाशी नको. वरून वर्षाला सुमारे २० लाख डॉलर वाचतात. श्रीमंतच हवं असेल तर स्टॅनफर्ड घ्या. त्यांनी २०१५ मध्ये गॅसवरचं केंद्र बंद केलं, कारण हिशेबात दिसलं की कॅम्पसवर एकाच वेळी कुठे गारवा लागतो, कुठे ऊब. एकीकडून काढलेली उष्णता दुसरीकडे द्यायची, एवढंच.

राहिला आपला बोध. पुण्यात खोल्या तापवायला बॉयलर कोणी लावत नाही, तेव्हा मन्सीची नक्कल करायचं कारणच नाही. पण हॉस्टेलच्या एकाच भिंतीवर बाहेर एसी गरम वाफा फेकतोय आणि आत गीझर आंघोळीचं पाणी तापवतोय, हे चित्र आपल्याकडचंच आहे, आणि बिल दोन्हींचं येतं.