मोज्यांचा कोरम

जूनचं वीजबिल आलं, तीनशे बारा युनिट. तीनशेच्या वरचे बारा युनिट चढ्या दराने लागतात हे कळलं आणि मी घरातलं कपडे धुण्याचं खातं ताब्यात घेतलं. 'आता वीज वाचणार, पाणी वाचणार,' असं मी जाहीर केलं. ही म्हणाली, "अहो, आणि कपडे?"

मशीनची मोटर फारशी वीज खात नाही, खातो तो पाणी तापवणारा हीटर. पंधरा लिटर पाणी सत्तावीस अंशांवरून साठावर न्यायला अर्ध्या युनिटाहून जास्त वीज जाते. हा हिशेब मी वाणसामानाच्या यादीमागे मांडला, त्यात डाळ आणायची राहिली. साठ अंशांचं बटण त्या दिवसापासून सोवळ्यात.

दुसरा नियम, मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही. आमचं सात किलोचं आहे. कपडे मी प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्याला टांगून मोजायला लागलो. सोमवारी पावणेतीन किलो, मंगळवारी चार. चिरंजीवांचे फुटबॉलचे मोजे कोरमसाठी बादलीत थांबले. बुधवारी सभा भरली, तोवर मोज्यांच्या वासाने आजूबाजूचे सगळे सदस्य बाधित झाले होते.

साबणाऐवजी रिठे ही आईची कल्पना नव्हती, तिच्यावर ढकलणार नाही. ती रेशमी साडी रिठ्यात धुवायची एवढं मला आठवत होतं. रिठे फोडून बी काढून टाकायची असते, हे आठवत नव्हतं. दोन बिया ड्रममध्ये गेल्या आणि पाऊण तास घरात कुणीतरी दार ठोठावत असल्याचा भास होत राहिला. शेजारच्या काकू खरंच येऊन गेल्या म्हणे, आम्ही दार उघडलं नाही. माझा पांढरा शर्ट बाहेर आला तो फिक्या चहाच्या रंगाचा.

पण घोटाळा झाला तो पिळण्यात. मशीन कपडे पिळताना बाराशे फेरे घेतं, घरभर थरथरतं. एवढी धडपड म्हणजे वीज खाणारच, म्हणून मी फेरे चारशेवर आणले. त्या थरथरीला वीज फार थोडी लागते आणि त्या बदल्यात कपड्यांतलं कितीतरी पाणी निघून जातं, हे मला नंतर समजलं. जुलै महिना, डोंबिवली, चार फुटांची गॅलरी आणि ठिबकणाऱ्या तीन जीन्स. दोऱ्या हॉलमध्ये आल्या. टीव्हीवर बातम्या देणारी बाई माझ्या बनियनच्या बाहीतून बोलू लागली.

आई म्हणाली, "राजापूरला पावसात चुलीवरच्या वलणीवर घालायचो रे. शाळेत तुमच्या शर्टांना धुराचा वास यायचा." इथे चूल नाही. मग रात्रभर पंखा फुल्ल. पंचाहत्तर वॉटचा पंखा दहा तास, म्हणजे पाऊण युनिट. सकाळी शर्ट तरीही दमट, म्हणून इस्त्री. हजार वॉटची इस्त्री पाऊण तास, आणखी पाऊण युनिट. एक लिटर पाण्याची वाफ करायला सहा दशांश युनिटाच्या वर वीज लागते. ते पाणी मशीनने फुकटात काढून दिलं असतं, मी इस्त्रीच्या टोकाने उडवत होतो, वर बनियनला चर्रर्र असा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी जीन्सना कुबट वास आला आणि त्या पुन्हा धुवायला पडल्या. या वेळी हिने मला न विचारता साठ अंशांवर लावल्या.

आईने मात्र तिच्या दोन सुती साड्या कोरड्या पंच्यात गुंडाळून, गुडघ्याने दाबून, गॅलरीतल्या दोरीवर टाकल्या होत्या. दुपारी दीड तास ऊन पडलं तेवढ्यात त्या वाळल्या. ती काही बोलली नाही. साड्यांच्या घड्या घालत असताना माझ्याकडे बघितलं, एवढंच.

जुलैचं बिल तीनशे अठ्ठावीस. हिने ते फ्रिजवर लावलंय, माझ्या हिशेबाच्या कागदाशेजारी. मशीन पुन्हा बाराशेवर आहे, मोज्यांना कोरमची अट नाही, आणि थंड पाण्याचा नियम तेवढा अपवाद वगळता टिकून आहे, तो मी सोडणार नाही. कालची पँट मात्र कंबरेपाशी ओलसरच राहिली. तीच घालून ऑफिसला गेलो आणि अकरा वाजेपर्यंत एसीच्या झोताखाली उभं राहून फाइली वाचल्या. साहेबांना वाटलं, कामाचा उत्साह आहे. घरी येऊन हिला सांगितलं, "बघ, आपल्या मीटरवर शून्य युनिट."

ती म्हणाली, "मग उद्या चादरीपण घेऊन जा."