‘ताण मारत नाही, ताणाचा समज मारतो’ : एका संदेशाचा प्रतिवाद

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा, की ताण माणसाला मारत नाही, ताण वाईट आहे हा समज मारतो, हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे; आपल्या आजोबांना तर ताण हा शब्दही ठाऊक नव्हता; तेव्हा कामगाराने तक्रार सोडून दृष्टिकोन बदलावा. मला तो ज्या गटावर मिळाला, त्याच गटावर त्याच रात्री पावणेअकराला दुसऱ्या दिवशीची पाळी बदलल्याची सूचना आली.

आधी ‘सिद्ध झाले’ हे शब्द पाहू. हवाला आहे तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा. १९९८ च्या पाहणीत अमेरिकी प्रौढांनी आपला ताण आणि त्याचा प्रकृतीवरील परिणाम यांविषयी दिलेली उत्तरे पुढील काही वर्षांच्या मृत्युनोंदींशी ताडून पाहिली गेली. ताणही खूप आणि त्याचा परिणामही खूप, असे सांगणाऱ्यांत अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. मात्र ज्याचा रक्तदाब आधीच चढलेला आहे, तो ‘परिणाम होतो’ असेच सांगणार. तो त्याचा समज नसून अनुभव असू शकतो. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण ठरत नाही.

दृष्टिकोनाला काहीच किंमत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. एका मोठ्या वित्तसंस्थेतील कर्मचाऱ्यांना ताणाची उपयुक्त बाजू सांगणाऱ्या छोट्या चित्रफिती दाखवल्यावर त्यांनी स्वतः नोंदवलेली मानसिक लक्षणे काहीशी कमी झाली, असे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. रावेरला केळीची गाडी संध्याकाळच्या आत भरून द्यायची असते, तेव्हाची घाई कित्येकांना आवडतेसुद्धा. कारण गाडी सुटली की ती घाईही सुटते.

चटईच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या एका परिचिताची गोष्ट वेगळी आहे. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची आणि एक रात्रीची. मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखे होते, पट्टी तुटली की यंत्र थांबते आणि बोलणी त्याला बसतात, यंत्राचा वेग मात्र दुसराच कोणी ठरवतो. “माले झोपच येत नही, भाऊ,” एवढेच तो सांगतो. कामाचा रेटा मोठा आणि हाती अधिकार नाही, हीच जोडी मनाला सर्वांत जाचते, अशी मांडणी कामाच्या ताणाचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कॅरसेक यांनी १९७९ मध्येच केली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. या गृहस्थाचे तास सहा दिवसांत ७२ होतात; ते कोणत्या दृष्टिकोनातून मोजले तरी ७२च भरतात.

आजोबांचे म्हणाल, तर त्यांची झोप कोणी मोजली नव्हती.

अशा संदेशाचा खरा तोटा हा, की झोप उडालेला माणूस ती आपलीच कमजोरी समजून गप्प बसतो. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. संदेशाच्या उत्तरादाखल मी तो क्रमांक गटावर टाकला आणि पुढच्या आठवड्याच्या पाळ्या शनिवारीच कळवाव्यात, अशी विनंती केली. नऊ जणांनी होकाराचा अंगठा टाकला. पाळ्या अजून रात्रीच कळतात.