चार राउंडांनी काय बिघडतं? सातारच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार. शाळेतल्या मुलींच्या पळण्यात मनाचाही भाग असतो, या म्हणण्यावर ‘पोरी आळशी झाल्यात. मोबाईल काढून घ्या आणि ग्राउंडचे चार राउंड मारायला लावा. माणची धावपटू ललिता बाबर कुठं समुपदेशकाकडं गेली होती? आमच्या वेळच्या मुली विहिरीचं पाणी आणायच्या,’ असं तुम्ही लिहिलंत.

मोबाईलचं निम्मं मान्य. पण 400 मीटरचा ट्रॅक धरला तर चार राउंड म्हणजे 1,600 मीटर. सवय नसलेली आठवीतली मुलगी पहिला राउंड जोरात पळते, दुसऱ्यात बरगडीखाली कळ येते, तिसऱ्यात चालायला लागते, आणि हे सगळं कट्ट्यावरच्या पोरांदेखत. पाय दोन दिवसांत बरे होतात. ‘आपल्याला जमत नाही’ हे मात्र डोक्यात बसतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरांनी 1977 साली मांडलं ते हेच: ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून जमल्यावर, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला जमताना बघून. ललिता 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीची, अंतिम फेरी पळाली, अभिमान आहेच. पण धापा टाकणाऱ्या मुलीला गेल्या महिन्यापर्यंत तशाच धापा टाकणारी वर्गमैत्रीण जास्त कामाची.

म्हणून पहिले दोन आठवडे एक मिनिट सावकाश पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस. पळताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. तिसऱ्या आठवड्यापासून दोन मिनिटं पळायचं, दोन चालायचं. वहीत प्रत्येकीचा फक्त स्वतःचा आकडा, नंबर काढायचे नाहीत. आणि उशिरा आल्याची शिक्षा म्हणून राउंड तर नकोच.

पी.टी.ची पांढरी पँट हाही मानसशास्त्राचाच विषय आहे बरं का. पाळीचा डाग पडेल या धास्तीनं ‘पोट दुखतंय’ सांगून बसणाऱ्या मुली आळशी नसतात. गडद ट्रॅकपँट आणि मापाची स्पोर्ट्स ब्रा एवढ्यानं बराच फरक पडतो.

विहिरीच्या पाण्याचा तुमचा मुद्दा मात्र चांगला आहे. रोज 60 मिनिटं हालचाल व्हावी या निकषावर 2016 च्या आकडेवारीत जगातल्या 11 ते 17 वयाच्या 85 टक्के मुली कमी पडल्या, भारतातल्या सुमारे 76 टक्के. आपल्याकडचा आकडा कमी असण्याचं एक संभाव्य कारण अभ्यासकांनी मुलींचं घरकाम हेच दिलं. पण नळ आला, खेप थांबली, आणि त्या वेळात क्लास शिरला. खेळ नाही.

तुम्ही सकाळी ग्राउंडवर असताच. मुलींच्या तासाला तेवढा तो कट्टा रिकामा करून घ्याल का?