दोन किलोमीटरच्या ठरावाने गाव राखलं जात नाही

एक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. सार असं: पवनचक्क्यांनी माणसं आजारी पडतात, पाऊस पळून जातो, सौर पॅनेल शेतजमीन गिळतात, घरांचे भाव कोसळतात आणि वीस-पंचवीस वर्षांनी कंपनी भंगार टाकून निघून जाते. शेवटी उपाय दिलाय: प्रत्येक गावाने ठराव करावा, वस्तीपासून दोन किलोमीटरच्या आत यातलं काहीही नको.

तो पुढे पाठवणारे सगळे काही खोडसाळ नाहीत. त्यातल्या दोन भीती तर मला रास्तच वाटतात, त्यांच्याकडे येतोच. पण आधी उपायाकडे बघू, कारण खरी गोम तिथे आहे.

“दोन किलोमीटर अंतर ठेवलं की प्रश्न मिटला.” अंतर चौपट केलं की अडलेली जमीन चौपट होत नाही, सोळापट होते. एका घराभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढा, साधारण ७८ हेक्टर जमीन अडते. तेच वर्तुळ दोन किलोमीटरचं केलं की १,२५० हेक्टरांच्या वर जाते. वस्त्या चहूबाजूंनी अडीच-अडीच किलोमीटरवर असतील, तर नकाशावर एक ठिपकाही मोकळा उरत नाही. म्हणजे ही बंदीच, फक्त ती बंदी म्हणून कोणी मांडलेली नसते, त्यामुळे तिच्यावर चर्चाही होत नाही.

हे करून पाहिलेलं आहे. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याने २०१४ मध्ये नियम केला की पवनचक्की जितकी उंच, त्याच्या दहापट अंतर घरांपासून हवं. २०० मीटरच्या यंत्राला बरोबर दोन किलोमीटर. नव्या यंत्रांचे अर्ज आटले आणि २०२२ मध्ये राज्याला तो नियम सैल करावा लागला. पोलंडने २०१६ मध्ये हाच दहापटीचा नियम घातला आणि २०२३ मध्ये ७०० मीटरवर आणला. इंग्लंडमध्ये तर अंतराचा आकडासुद्धा लागला नाही. २०१५ नंतर नियोजन धोरणात अशा अटी बसवल्या की स्थानिक विरोध पूर्ण मिटल्याशिवाय जमिनीवरच्या पवनचक्कीला परवानगी मिळणं जवळपास अशक्य झालं. त्या अटी तळटिपांमध्ये होत्या! जुलै २०२४ मध्ये त्या काढल्या. एका अख्ख्या देशाचं धोरण वर्षानुवर्षं तळटिपांनी चालवलं, हे मला अजून पचत नाही.

मग अंतर ठेवायचंच नाही का? ठेवायचं, पण कशासाठी ठेवतो ते आधी ठरवून. यंत्र कोसळलं तर शेजाऱ्याच्या रानात पडू नये, ही एक भीती. तिला पात्याच्या टोकापर्यंतच्या उंचीपेक्षा थोडं जास्त अंतर पुरतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने बांधापासून उंचीच्या १.१ पट आणि प्रकल्पात सामील नसलेल्या घरापासून २.१ पट अंतर धरलं आहे. आवाज ही दुसरी भीती, आणि आवाज मीटरमध्ये मोजत नाहीत. डेन्मार्कमध्ये मोकळ्या रानातल्या घराबाहेर, वारा सेकंदाला आठ मीटर असताना, ४४ डेसिबलची मर्यादा आहे. दाट वस्तीजवळ ३९. घराच्या आत खालच्या पट्टीतल्या घुमणाऱ्या आवाजाला वेगळी मर्यादा आहे, २० डेसिबल. तिसरी गोष्ट फिरत्या पात्यांच्या सावलीची. ती खिडकीतून सतत लपलपत राहिली तर माणूस वैतागणारच. जर्मनीत हिशेब आहे: वर्षाला ३० तास, दिवसाला ३० मिनिटं, त्यापुढे गेली तर यंत्र तेवढा वेळ थांबवायचं. ठरावात लिहायला हे आकडे उपयोगाचे. दोन किलोमीटर हा आकडा यातल्या कशावरही उभा नाही.

“माणसं आजारी पडतात.” कॅनडाच्या आरोग्य खात्याने पवनचक्क्यांजवळ राहणाऱ्या १,२३८ लोकांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष दिले. झोप, आजार, ताण यांचा आवाजाच्या पातळीशी संबंध दिसला नाही. पण आवाज वाढला तसा त्रास वाटणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. ही माझ्या मते रास्त असलेली पहिली भीती. चिडचिड हा आजार नसेल, पण रोज रात्री ती सोसणाऱ्याला “तुम्हाला काही झालेलं नाही” असं सांगणं उद्धटपणाचं आहे. आवाजाची मर्यादा लिहा, ती कोण मोजणार तेही लिहा.

“पाऊस पळतो.” पात्याचं टोक जमिनीपासून २०० मीटरवर, पावसाचे ढग वाढतात कित्येक किलोमीटर उंच. पात्यांनी जमिनीलगतची हवा ढवळली जाते, एवढंच. पुढे चला.

“घरांचे भाव कोसळतात.” अमेरिकेत पाच लाखांवर घरविक्रींचा अभ्यास झाला. प्रकल्पाची घोषणा होताच मैलभराच्या आतले भाव सुमारे ११ टक्क्यांनी उतरले, आणि यंत्रं सुरू होऊन तीन ते पाच वर्षांत पूर्ववत झाले. शिवाय ही घट अडीच लाखांवर लोकसंख्या असलेल्या जिल्ह्यांतच दिसली, ग्रामीण जिल्ह्यांत नाही. भाव पडले ते बरेचसे अफवेच्या काळात.

“सौर पॅनेल शेतजमीन गिळतात.” पवनचक्कीचं सोपं आहे: पाया आणि रस्ता धरून एका मेगावॉटला कायमची जाते ती अर्ध्या हेक्टरच्या आतच, बाकी रानात नांगर चालू राहतो. सौर प्रकल्पाला मात्र मेगावॉटमागे दीड ते तीन हेक्टर सलग जागा लागते, आणि कंपनीला सपाट, रस्त्याजवळची जमीन हवी असते, म्हणजे बहुतेकदा चांगलीच. इथे नियोजनाचं काम सुरू होतं. जपानने २०१३ मध्ये शेतावर उंच खांबांवर पॅनेल लावू दिले, अट घालून: खालचं उत्पन्न आसपासच्या सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. फ्रान्सने २०२४ च्या आदेशात घटीची मर्यादा १० टक्क्यांवर आणली आणि मोठ्या प्रकल्पांत पॅनेलखाली ४० टक्क्यांहून जास्त जमीन झाकू नये असं सांगितलं. कोणत्या प्रतीची जमीन वगळायची ते गावाने नकाशावर रंगवून ठेवावं, कंपनी दारात येण्याआधी. भाडेपट्ट्यावर सह्या झाल्यावर नकाशा काढायला बसलं की तो कुणाच्या तरी विरोधातच जातो.

“भंगार टाकून जातील.” ही दुसरी रास्त भीती. पोलाद, काच, ॲल्युमिनियम विकलं जातं, पण पाती विल्हेवाटीला अवघड असतात, आणि जमिनीतला काँक्रीटचा पाया काढायचा खर्च मोठा. शेवटचा मालक दिवाळखोर निघाला तर तो खर्च जमीनमालकावर येतो. म्हणून काढून नेण्याच्या खर्चाची बँक हमी परवानगीच्या अटींतच घालायची, पाया किती खोलपर्यंत उपसायचा ते लिहायचं, आणि दर काही वर्षांनी हमीची रक्कम नव्याने ठरवायची. बंदीचा ठराव केलेल्या गावाकडे या अटींचा कागदच नसतो.

आणि तो कागद लागतो कधी, तर ठराव टिकत नाही तेव्हा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात गावोगावी अशा कडक नियमांचं पेव फुटलं, तेव्हा राज्याने २०२३ मध्ये कायदा केला: १०० मेगावॉटचा पवन किंवा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प असेल, तर कंपनी राज्याच्या आयोगाकडे परवानगी मागू शकते. राज्याने मोजमापं ठरवून दिली: घरापासून उंचीच्या २.१ पट अंतर, ५५ डेसिबल, सावली वर्षाला ३० तास. ज्या गावाचे नियम याहून कडक नाहीत, त्याच्याकडे कंपनीला आधी जावं लागतं. दोन किलोमीटरवाल्या गावाला वगळून अर्ज थेट आयोगाकडे जातो.