बल्बचे कान कानसून टाकण्याच्या सल्ल्याबद्दल

गेल्या पंधरवड्यापासून आमच्या तालुक्यातील जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप गटात एक व्हिडिओ फिरतो आहे. कोणत्याही गाडीच्या हेडलाइटमध्ये कोणताही बल्ब बसवता येतो, असे त्यात ठासून सांगितले आहे. बल्बच्या चकतीवरचे तीन कान, म्हणजे कडेला बाहेर आलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, ही कंपन्यांची लबाडी असल्यामुळे ते कानसून टाकावेत. ३५ वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब लावावा म्हणजे उजेड तिप्पट होतो. होल्डर करंट खातो म्हणून तो काढून तारा थेट बल्बच्या पिनांना पिळाव्यात. फ्यूज उडत असेल तर त्या जागी तांब्याची तार टाकावी. आणि पोलिसांना काहीही करता येत नाही, कारण कायदा दिव्याबद्दल आहे, बल्बबद्दल नाही, असे एकापाठोपाठ एक सल्ले त्यात दिले आहेत. मी एकवीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. हा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दुर्लक्ष केले, ही माझी चूक झाली. माझ्या सख्ख्या भाच्याने त्यातला सल्ला अमलात आणला आणि मला ते चार रात्री उलटल्यावर कळले.

या दिवसांत गव्हा-हरभऱ्याला ओलित सुरू असते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की माणसाला रात्री अकरा-बाराला पांदणीने वावरात जावे लागते. वाटेत रानडुकरे असतात, रोही आडवे येतात आणि मोटारसायकलच्या मिणमिणत्या उजेडात पुढचा खड्डाही दिसत नाही. त्यामुळे त्या पोराला अधिक उजेड हवासा वाटला, यात त्याचा काहीच दोष नाही. त्याने व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे १०० वॉटचा बल्ब आणला, कानसीने तिन्ही कान घासले आणि बाइंडिंग तारेने बल्ब आवळून बसवला. मला तो हौसेने दाखवायला आला तेव्हा म्हणाला, "मामाजी, उजेड पाहा न किती पडून रायला!" उजेड पडत होता हे खरेच, पण तो आमच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या शेंड्यावर पडत होता. आदल्याच रात्री त्याच्या समोरून सायकलवर येणारे शेजारचे काका डोळे दिपून रस्त्याखाली पऱ्हाटीत गेले होते आणि त्यांचे कोपर सोलून निघाले होते. काकांना नीट दिसत नसेल, अशी त्याची समजूत होती.

आता त्या कानांबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्या व्हिडिओतला सर्वांत निर्बुद्ध आणि सर्वांत घातक सल्ला हाच आहे. हेडलाइटच्या अशा तीन कानांच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक अप्परची (दूरवर पडणाऱ्या उजेडाची) आणि एक डिपरची (खाली वळवलेल्या उजेडाची). डिपरच्या फिलामेंटखाली नखाएवढी पत्र्याची एक वाटी असते. उडालेला जुना बल्ब हातात घेऊन उजेडात धरला तर ती कोणालाही दिसेल. अप्परची फिलामेंट रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत खोलगट आरशाच्या, केंद्रबिंदूवर असते, तर डिपरची मुद्दाम थोडी पुढे ठेवलेली असते. त्यामुळे डिपरचा जो उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो तो खाली रस्त्यावर फेकला जातो आणि जो खालच्या अर्ध्या भागावर पडेल तो वर, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. हा खालचा भाग झाकण्यासाठी ती वाटी आहे. वाटी नेहमी खालीच राहावी, बल्ब खाचेत फिरू नये आणि फिलामेंट ठरलेल्या खोलीवरच यावी, एवढ्यासाठी चकतीला कान दिलेले असतात. ते एकसारखे नसतात आणि त्यांची जागाही अशी ठरवलेली असते की बल्ब एकाच स्थितीत बसतो. अंधारात, घाईत, नवख्या माणसाने बसवला तरी तो उलटा बसू शकत नाही.

कान गेले की यातले काहीच उरत नाही. भाच्याने बल्ब बसवताना वाटी खाली ठेवली होती असे तो शपथेवर सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण बाइंडिंग तारेने आवळलेला बल्ब पांदणीच्या दणक्यांनी चार रात्रींत इतका फिरला की मी उघडून पाहिले तेव्हा वाटी वरच्या बाजूला आली होती. म्हणजे जो उजेड रस्त्यावर पडायचा तो वाटीने अडवला होता आणि जो अडवायचा तो मोकळा सुटला होता. डिपर दिला की झाडाचा शेंडा उजळत होता आणि चाकापुढची जमीन काळी राहत होती. झगझगीत झाड पाहून माणसाला उजेड वाढल्यासारखा वाटतो आणि व्हिडिओतल्या माणसाचीही तीच फसगत झाली असावी. त्याने भिंतीवर किंवा रस्त्यावर उजेड पाडून दाखवलेलाच नाही.

मोटारसायकलीत सर्रास येणारा एचएस १ जातीचा ३५/३५ वॉटचा बल्ब आणि जीप-कारमध्ये येणारा एच ४ जातीचा ६०/५५ वॉटचा बल्ब हे दिसायला भावंडांसारखे आहेत; आतली रचनाही तीच आहे. त्यांचे कान मात्र वेगळे ठेवले आहेत. हलक्या हेडलाइटमध्ये जड बल्ब चुकूनही बसू नये, हा त्यामागचा हेतू आहे. मोटारसायकलच्या मागच्या २१/५ वॉटच्या बल्बच्या दोन खिट्याही याच कारणाने वरखाली असतात, नाहीतर ब्रेकची आणि मागच्या दिव्याची फिलामेंट उलटसुलट जोडली गेली असती. ज्याला लबाडी म्हटले आहे ती माणसाच्या हातून होणारी चूक टाळण्याची सोय आहे.

कायद्याबद्दलचा दावाही इथेच निकालात निघतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम १०६ असे सांगतो की पुढे उजेड टाकणारा दिवा अशा रीतीने बनवलेला, बसवलेला आणि राखलेला असावा की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाचे डोळे दिपू नयेत. चालकाला डिपर देऊन खाली वळवता येणाऱ्या दिव्याला अप्परपुरती सवलत आहे. डिपर दिल्यावर मात्र या कसोटीला उतरावेच लागते. 'बसवलेला आणि राखलेला' हे शब्द वाचल्यावर, बल्ब कायद्यात येत नाही असे म्हणायला जागा कुठे उरते? आत कानसलेला बल्ब फिरत असेल तर दिवा नीट बसवलेलाही नाही आणि नीट राखलेलाही नाही.

ही कसोटी घरच्या घरी घेता येते, म्हणून ती मला विशेष आवडते. आम्ही गाडी अंगणात उभी केली, टेपने ८ मीटर, म्हणजे सुमारे सव्वीस फूट मोजले, उजवीकडे अर्धा मीटर सरकून एक तुऱ्हाटी रोवली आणि तिच्यावर दीड मीटरवर खडूची खूण केली. भाच्याला त्या खुणेपाशी डोळे आणून उभे राहायला सांगितले आणि मी डिपर दिला. त्याने तोंड फिरवून हात आडवा धरला. दीड मीटर ही सायकलवर किंवा मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची साधारण उंची आहे. काकांना नीट दिसत नसेल, हे वाक्य त्यानंतर त्याच्या तोंडून आले नाही.

दुसरा दावा १०० वॉटचा. १२ व्होल्टवर ३५ वॉटचा बल्ब जेमतेम ३ अँपिअर घेतो आणि १०० वॉटचा सव्वाआठच्या वर. तारेत आणि सांध्यांत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट पावणेतीन-तीन पट झाला की त्याच सांध्यावर उष्णता आठ पट होते. भाच्याच्या गाडीचा कपलर, म्हणजे बल्बला तारा जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, मी ओढला तेव्हा त्याचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटले होते आणि तारेच्या टोकाचा पितळी लग निळसर-काळा पडला होता. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो, तो बंद करण्याची सोय नाही. त्यामुळे ही भट्टी दिवसाही पेटलेली असते. मोटारसायकलची चार्जिंग यंत्रणा इतका भार गृहीत धरून केलेली नसते, तेव्हा बॅटरी उतरते ती वेगळीच.

एवढे करून उजेड तरी किती मिळतो? मल्टिमीटर लावला तेव्हा बॅटरीवर १२.९ व्होल्ट होते आणि होल्डरवर ९.१. बाकीचे वाटेतच खर्ची पडत होते. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज १० टक्के घटले की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. ९ व्होल्टवर तर १०० वॉटचा बल्ब आपल्या ऐपतीच्या निम्म्याहून कमी उजेड देतो, तोही पिवळा. तिप्पट उजेडाचा हिशेब त्या व्हिडिओत कुठून आला हे मला कळत नाही.

होल्डर करंट खातो, या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारणे खोटेपणाचे होईल. करंट खात नाही, व्होल्टेज खातो. पण जुन्या गाडीत खातो खरा. त्याच गाडीला जुना ३५ वॉटचा बल्ब लावून पाहिले तेव्हा इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.४ आणि होल्डरवर ११.८ व्होल्ट मिळाले, म्हणजे गंजलेल्या पिना, सैल लग आणि खराब अर्थिंग मिळून सुमारे ३५ टक्के उजेड गिळत होते. गाडीचा उजेड कमी आहे ही लोकांची तक्रार अशा रीतीने रास्त ठरते. परंतु त्यावर उपाय म्हणून होल्डरच काढून टाकणे आणि तारा पिनांना पिळणे हे गळक्या नळावर तोटीच उपटून टाकण्यासारखे आहे. हॅलोजन बल्बच्या पिना इतक्या तापतात की त्यांना गुंडाळलेली काळी टेप विरघळून चिकट होते, पिळलेली तार दणक्याने सुटते, आणि सुटलेली तार हेडलाइटच्या पत्र्याला लागली की सरळ शॉर्ट. मग पुढचा सल्ला आठवावा, फ्यूजच्या जागी तांब्याची तार. हे दोन सल्ले एकत्र पाळणाऱ्याची गाडी टाकीखालच्या वायरिंगपासून पेटू शकते, आणि आमच्याकडे रात्री गाड्या कुटाराच्या ढिगाजवळ आणि कापूस भरलेल्या खोल्यांशेजारी उभ्या असतात. फ्यूजबद्दल याहून अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

व्हिडिओत शेवटी पांढऱ्या एलईडी बल्बची शिफारस आहे. कंपनीने एलईडीसाठीच बनवलेला हेडलाइट उत्तम असतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घुसवलेला एलईडी मात्र फिलामेंटच्या जागी आणि फिलामेंटच्या आकाराचा उजेड देत नाही, म्हणून तो विखुरतो; शिवाय मागच्या पंख्यामुळे रबरी टोपण बसत नाही आणि धूळ-पाणी आत शिरते. आणि नवा बल्ब बसवताना काचेला उघडे बोट लावू नये, हे तरी त्या गृहस्थाने सांगायला हवे होते. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग धरतो आणि बल्ब लवकर जातो. व्हिडिओत तो बल्ब काचेलाच धरून कानसतो आहे.

भाच्याच्या गाडीला आम्ही एचएस १ चा ३५/३५ वॉटचा बल्ब, नवा होल्डर आणि बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट आणलेली अर्थिंगची जाड तार, एवढेच लावले. होल्डरवर आता १३ व्होल्ट मिळतात. रिफ्लेक्टर आतून स्वच्छ होता म्हणून काचेला हात लावला नाही. मग हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवून भिंतीवरची उजेडाची कडा खडूच्या खुणेच्या खाली आणली.

ज्यांनी बल्ब आधीच कानसून बसवला आहे त्यांनी तो काढताना रिफ्लेक्टरच्या भोकाची कडा बोटाने चाचपून पाहावी. १०० वॉटच्या उष्णतेने प्लॅस्टिकची कडा वाकली असेल किंवा खाचा बुजल्या असतील तर कंपनीचा बल्बही तिथे नीट बसणार नाही आणि अख्खा हेडलाइट बदलावा लागेल. भाच्याच्या गाडीची कडा शाबूत होती, कारण चारच रात्री झाल्या होत्या.